प्रशीतक नलिकांची दाब-परीक्षा

घरगुती उष्णता पंप किंवा वातानुकूलन यंत्र यांच्या घरातील व बाहेरील भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नलिकांत गळती नाही, याची प्रशीतक सोडण्यापूर्वी दाबाखाली केलेली तपासणी. आर-३२ हा प्रशीतक मंदज्वलनशील असल्याने ही परीक्षा सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक असते.

परीक्षेसाठी कोरडा नायट्रोजन वापरतात. तळा (जि. रायगड) व लगतच्या किनारी भागात पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते, अशी हवा नलिकांत भरल्यास संपीडकातील तेल बाष्प शोषून घेते व अम्ले तयार होतात. ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखाली त्याचा तेलाशी संपर्क आल्यास स्फोट होतो.

बाहेरील भागाच्या झडपा बंद ठेवून नियामकाद्वारे दाब प्रथम ५, नंतर १५ व शेवटी निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत (आर-३२ साठी सामान्यतः सु. ४१·५ बार) वाढवितात व तो शक्यतो २४ तास राखतात. दाबमापकाचे वाचन तापमानासह नोंदवावे लागते. उदा., दुपारी ३५° से. असलेले तापमान रात्री २५° से.पर्यंत उतरल्यास गळती नसतानाही दाब सु. १·४ बारने घटतो. याहून अधिक घट गळतीची निदर्शक होय. सांध्यांना साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

परीक्षेनंतर नायट्रोजन सोडून देऊन नलिका निर्वात करतात. केवळ निर्वात करणे हा या परीक्षेला पर्याय नव्हे. कारण त्यात दाबांतील फरक जेमतेम १ बार असतो व सूक्ष्म गळती लक्षात येत नाही.