भिंतीआडची शिकार

एकनाथांनी 1573 साली काशीत 'एकनाथी भागवत' पूर्ण केले. त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी आणि कुंभारीण माशी लागोपाठ भेटतात. कुंभारीण किड्याला भिंतीतल्या घरात कोंडते, तो भयाने तिचाच ध्यास घेतो आणि अखेर तीच होतो. निरीक्षण खोटे नाही. आत किडा जातो, बाहेर कुंभारीणच येते. मधले तेवढे भिंतीआड राहिले.

चंद्रपूर-गडचिरोलीत ते कुणालाही पाहता येते. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठची ओली माती गोळ्या-गोळ्यांनी आणून ही माशी पडवीत, देवघरात, तसबिरीमागे कोठड्या बांधते. एखादी फोडावी, तर आत बारके कोळी खच्चून भरलेले असतात. मेलेले नव्हेत, डंखाने लुळे पडलेले, म्हणून मांस सडत नाही. त्यांतल्या एकावर अंडे असते. पुढचे अळी पाहून घेते.

पुस्तकांत कुंभारणीची नोंद इंग्रजी अमदानीत झाली. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1781 मध्ये मद्रासच्या नावाने तिचे बारसे केले. 1897 मध्ये बिंगहॅमने भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. तो ब्रह्मदेशातला वनाधिकारी होता. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात मात्र साहेबाची नजर सागावर होती. पुढे 1953 पासून आलापल्लीचे 'वनवैभव' राखले गेले, 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पाहुणे वाघासाठी येऊ लागले.

सफारीच्या जिप्सीतून उतरायला मिळाले असते, तर उद्यानातल्याच पायवाटांवर दुसरी शिकार दिसली असती. पॉम्पिलिड कुळातली माशी पंख झटकत, मिशांनी जमीन चाचपत धावते. कुंभारीण एका कोठडीत अनेक कोळी कोंबते, हिला एका अळीमागे एकच कोळी लागतो, बहुधा स्वतःहून जड. डंख बसला की ती त्याला मागे सरकत ओढत नेते. काही जाती ओझे हलके करायला त्याचे पायच छाटतात. अळी हृदय आणि मज्जासंस्था शेवटी खाते, म्हणजे शिदोरी शेवटपर्यंत जिवंत राहते. कोळी मोठा असला, तर आई त्यावर सहसा मादीचे अंडे घालते, छोट्यावर नराचे. हा हिशेब कुणी शिकवलेला नाही.

मातीच्या भिंती जाऊन घरकुले आली, त्याने कुंभारणीचे फार अडले नाही. ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागेही बांधते. धानावर फवारणी झाली की मात्र बांधावरचे कोळीही मरतात.