दुहेरी आरंभासाठी डिस्क विभाजन

एकाच संगणकावर विंडोज ९८ (१९९८) आणि विंडोज एक्सपी (२००१) या दोन्ही संचालन प्रणाली ठेवण्यासाठी हार्ड डिस्कचे स्वतंत्र विभाग करावे लागतात. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना ही सोय विशेष उपयोगी होती. जुन्या संकेतप्रणालींच्या फॉन्टमधील मजकूर ९८ वर हाताळता येई; देवनागरी युनिकोड मात्र विंडोज २००० पासून आले आणि एक्सपीत ते नियंत्रण पटलातून चालू करावे लागे.

डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांत विभागांच्या केवळ चार नोंदी मावतात. त्यांतील एक विस्तारित विभागास दिल्यास त्यात अनेक तार्किक विभाग करता येतात. पहिला प्राथमिक विभाग फॅट३२ स्वरूपात ९८ साठी राखावा, एक्सपी दुसऱ्या विभागात बसवावी. ९८ ला एनटीएफएस वाचता येत नाही, म्हणून दोहोंना लागणारा मजकूर फॅट३२ विभागातच असावा.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी ९८, मग एक्सपी. एक्सपी आपला आरंभक पहिल्या विभागात ठेवते आणि बूट.आयएनआय या फाइलवरून निवडसूची दाखवते. क्रम उलटल्यास ९८ आरंभखंडावर स्वतःचा मजकूर लिहिते व सूची नाहीशी होते. एक्सपीच्या सीडीवरील फिक्सबूट आज्ञेने तो खंड पुन्हा लिहिता येतो.

खरा धोका मोठ्या डिस्कचा. सुमारे १३७ जीबीपलीकडे ९८ चा मूळ चालक चुकीच्या जागी लिहून मजकूर नष्ट करू शकतो. त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून डिस्क घेताना लहान आकाराचीच घ्यावी आणि विभाजनापूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी.