आधी पावती, मग नाटक

गणपतीच्या महिनाभर आधी दारावरची बेल वाजते. बाहेर दोन पोरं उभी असतात, एकाच्या हातात पावती पुस्तक. मूर्ती अजून कारखान्यात आहे, मांडवाचे बांबू यायचेत, देखावा कशाचा करायचा यावर मंडळात अजून वाद चालू आहेत. तरी आपण विचारतो, "गेल्या वर्षी किती दिले होते?" आणि पाकीट काढतो. जे अजून झालेलंच नाही त्यासाठी आगाऊ पैसे देणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही नवल आहे हेच ध्यानात येत नाही.

२०१३ साली लंडनमधली एक फारशी नाव नसलेली अभिनेत्री असंच पावती पुस्तक घेऊन निघाली. तिची दारं इंटरनेटवरची होती, एवढाच फरक. स्वतः लिहिलेलं पहिलं मोठं नाटक तिला ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात करायचं होतं. मागणं होतं सुमारे चार हजार पौंडांचं. तेव्हाच्या भावाने साडेतीन लाख रुपयांच्या घरातलं. अभिनेत्री होती फीबी वॉलर-ब्रिज आणि नाटक 'फ्लीबॅग'.

पुढची कथा मालिका पाहणाऱ्यांना पाठ आहे. २०१६मध्ये बीबीसीने या नाटकावरून मालिका केली, २०१९च्या एमी सोहळ्यात लेखन, अभिनय आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका असे तीन पुरस्कार वॉलर-ब्रिजने एका रात्रीत नेले. आज मात्र आपण उलट्या दिशेने जाऊ आणि त्या चार हजार पौंडांचा हिशेब मांडू. नाटक उभं राहतं कसं, त्यात कोणाकोणाचा हात असतो आणि आभार मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या हिशेबात नीट दिसतं.

दहा मिनिटांची पैज

वॉलर-ब्रिजचा जन्म १९८५चा. घर सुखवस्तू. शिक्षण 'राडा' या लंडनच्या नावाजलेल्या नाट्यसंस्थेत. २००६मध्ये ती तिथून बाहेर पडली. एवढं पाठीशी असूनही मनासारख्या भूमिका दारात रांग लावून उभ्या राहिल्या नाहीत. नटाच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे फोनची वाट पाहणं, हे दादरच्या नटाला सांगायला नको आणि लंडनच्याही नाही.

२००७मध्ये तिने दिग्दर्शिका मैत्रीण विकी जोन्सबरोबर 'ड्रायराइट' नावाची छोटी नाट्यसंस्था काढली. तिची रीत मजेदार होती. लेखकांना एक कामगिरी द्यायची: प्रेक्षकांकडून अमुक एक प्रतिक्रिया मिळवून दाखवा. नाटुकली सादर व्हायची, पण कोणतं कोणी लिहिलंय हे गुलदस्त्यात. लेखकाचं नाव झाकलेलं असलं की प्रेक्षक भीड ठेवत नाही. हसू आलं तर हसतो, कंटाळा आला तर चुळबुळतो. इतरांच्या लेखनाची अशी परीक्षा वर्षानुवर्षं घेताना तिचं स्वतःचं शिक्षण होत होतं. वाक्य कुठे तोडलं की हशा येतो आणि कुठे तोडलं की घशात अडकतो, याचं.

२०१२मध्ये लंडनच्या कथाकथन महोत्सवात विनोदकार डेबोरा फ्रान्सिस-व्हाइटने तिला दहा मिनिटं दिली. एकटीने उभं राहायचं आणि बोलायचं. त्या दहा मिनिटांत एक तरुणी जन्माला आली: चटपटीत, चावट, निर्लज्ज वाटावी इतकी मोकळी, आणि आतून पार मोडलेली. आता त्या दहा मिनिटांचं तासाभराचं नाटक करायचं होतं. एकपात्री प्रयोगाचं आपल्याला अप्रूप नाही. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ', लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला', सुषमा देशपांडे यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' ही सगळी लिहिणाऱ्यानेच उभी केलेली नाटकं. माणूस एकच असला तरी त्या एकाला रंगमंचापर्यंत पोहोचवणारी माणसं मात्र पुष्कळ लागतात.

आगंतुकांचा उत्सव

एडिनबराच का, हे समजायला १९४७मध्ये जावं लागतं. महायुद्ध संपल्यावर त्या शहरात एक भारदस्त आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. निमंत्रण नसलेल्या आठ नाटक कंपन्या तरीही तिथे आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी आपले प्रयोग लावले. बोलावल्याशिवाय जेवायला आलेली ही मंडळी मुख्य महोत्सवाच्या काठावर बसली, म्हणून त्यांच्या उत्सवाला 'फ्रिंज', म्हणजे काठ, हे नाव पडलं. आज काठ मूळ वस्त्रापेक्षा कितीतरी रुंद झाला आहे. २०१३च्या ऑगस्टमध्ये तिथे २,८०० हून अधिक कार्यक्रम होते.

फ्रिंजचं तत्त्व आजही तेच आहे: निवड समिती नाही. नोंदणीचं शुल्क भरा, जागा मिळवा, नाटक करा. ऐकायला हे फार लोकशाहीवादी वाटतं, आणि आहेही. पण ज्या उत्सवात कोणी निवडत नाही, तिथे कोणी पैसेही देत नाही. जागेचं भाडं किंवा तिकीटविक्रीतला वाटा, वर किमान रकमेची हमी, छापील पत्रकं, प्रवास, आणि ऑगस्टमध्ये आभाळाला भिडणारी घरभाडी, सगळं कलावंताच्या खिशातून. कार्यक्रमपुस्तिकेतला मजकूर तर वसंतातच द्यावा लागतो. नाटक कशाबद्दल आहे हे तेव्हा छापायला जातं, नाटक अनेकदा नंतर लिहून पूर्ण होतं.

शिवाय गर्दी इतकी की एकेका रंगमंचावर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत नाटकांची रांग. एकाचा प्रयोग संपला की जेमतेम पाव तासात त्याचं सामान बाहेर आणि दुसऱ्याचं आत. दिवसा हेच नट रॉयल माइलच्या दगडी रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रकं कोंबतात. रात्री समोर पाच माणसं असतील की पन्नास, हे कोणालाच ठाऊक नसतं. पदरमोड करून परतणाऱ्यांची संख्या इथे कायम मोठी असते, पण बातमी त्यांची होत नाही.

मालक कोण?

नाटकाचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला जगभरात फिरून फिरून तीनच उत्तरं सापडली आहेत. पहिली दोन मराठी रंगभूमीच्या बालपणातच भेटतात. १८४३मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव निघावं लागलं. १८५३मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी प्रेक्षक आला. राजा आधी पैसे देतो आणि मालक होतो. प्रेक्षक नंतर पैसे देतो, पण नाटक तयार झाल्यावरच. मधली पोकळी, म्हणजे संहिता लिहून होईपासून पहिलं तिकीट विकलं जाईपर्यंतचा काळ, निर्मात्याने कर्ज काढून भरायचा असतो.

तिसरं उत्तर म्हणजे वर्गणी. वॉलर-ब्रिजच्या मंडळींनी त्यासाठी 'किकस्टार्टर' ही व्यवस्था वापरली. अमेरिकेत २००९मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था ब्रिटनमधल्या प्रकल्पांसाठी २०१२च्या अखेरीस खुली झाली होती, म्हणजे तिकडेही नवलाईच होती. तिचा एक नियम आपल्या पावती पुस्तकाहून कडक आहे. रक्कम आणि मुदत आधी जाहीर करायची. मुदतीत पूर्ण रक्कम जमली तरच देणाऱ्यांच्या खात्यातून पैसे वळते होतात; शंभर पौंड कमी पडले तरी काहीच हाती येत नाही. यामुळे देणाराही आपसूक कार्यकर्ता बनतो. आपले दहा पौंड फुकट जाऊ नयेत म्हणून तो आणखी दोघांना सांगतो.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. देणाऱ्याला नफ्यात वाटा देता येत नाही. श्रेयनामावलीत नाव द्या, तिकीट द्या, तालमीला बोलवा, हाताने लिहिलेलं पत्र पाठवा, पण भागीदारी नाही. थोडक्यात, राजासारखे आधी पैसे देणारा आणि तरीही मालक न होणारा माणूस. असा आश्रयदाता नाटकवाल्यांना आजवर क्वचितच लाभला होता. म्हणून अशा नाटकांच्या आभाराच्या यादीला शिष्टाचाराच्या पलीकडचं वजन आहे. तेवढंच परत करता येण्यासारखं असतं.

पैशाने घडवलेली खुर्ची

एडिनबराच्या काउगेट भागात, वरच्या रस्त्याच्या आणि ग्रंथालयाच्या पोटाखाली दगडी कमानींचं जुनं तळघर आहे. ऑगस्टमध्ये त्याचं नाट्यगृह होतं, 'अंडरबेली'. भिंतींना ओल, हवेला कुबट वास. तिथल्या 'बिग बेली' नावाच्या दालनात 'फ्लीबॅग' झालं. दिग्दर्शन विकी जोन्सचं, निर्मिती फ्रान्सेस्का मूडीची. रंगमंचावर एक खुर्ची. बस्स.

नाटक सुरू होतं ते नोकरीच्या मुलाखतीने. ती धावतपळत आलेली, घामाघूम. समोरचा साहेब दिसत नाही. त्याचा फक्त ध्वनिमुद्रित आवाज येतो. उकडतंय म्हणून ती अंगातला स्वेटर वर ओढते आणि आत सदरा घातलेलाच नाही हे तिला अर्ध्यावर आठवतं. साहेबाचा भलताच समज होतो. प्रेक्षक खो खो हसतात. त्या हशात एक गोष्ट नकळत घडून गेलेली असते: साहेबाला जे कळलं नाही ते आपल्याला कळलं, म्हणजे आपण हिच्या बाजूचे. तासभर ती आपल्याला असंच विश्वासात घेत जाते. गिनीपिगची चित्रं लावलेलं तिचं डबघाईला आलेलं कॅफे, गेलेली जिवलग मैत्रीण, बिनसलेलं घर. शेवटी ती जे कबूल करते, त्याने आपलं मघाचं हसणं आपल्यालाच बोचायला लागतं.

आता हिशेब पाहा. दुसरा नट घेतला असता तर त्याचं मानधन, त्याचं भाडं, त्याचं जेवण. नेपथ्य असतं तर ते पाव तासात लावून उतरवायला माणसं. खुर्ची एकटीच उचलता येते. साहेबाचा आवाज एकदाच मुद्रित करावा लागतो. काटकसरीतून आलेली ही योजना नाटकाच्या जिव्हाळ्याची ठरली, कारण या बाईच्या आयुष्यात दुसरं कोणी खरोखर उरलेलं नसतं. तिच्यासमोर प्रेक्षक सोडून कोणीच नाही. चाळीस हजार पौंड मिळाले असते तर कदाचित रंगमंचावर कॅफे उभं राहिलं असतं, आणि ते रिकामपण बुजलं असतं. छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं पाहिलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या वर्षी 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्राचा 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार 'फ्लीबॅग'ला मिळाला. हा पुरस्कार १९७३पासून नव्या लेखनाला दिला जातो. सप्टेंबरमध्ये लंडनच्या सोहो थिएटरने नाटक बोलावलं. २०१९मध्ये लंडनच्याच वेस्ट एंड या नाट्यवस्तीतल्या विंडहॅम्स थिएटरमध्ये त्याचा निरोपाचा मुक्काम झाला, तेव्हाही वॉलर-ब्रिजसमोर एक खुर्चीच होती.

फेड

पहिल्या वर्गणीदारांना या सगळ्यातून काय मिळालं? पैशाच्या भाषेत, काही नाही. मालिकेची कमाई झाली, त्यात त्यांचा छदामही नव्हता. कोणाला हे अन्यायाचं वाटेल. पण वर्गणी देणारा मंडळाकडे लाभांश मागत नाही. मग हे ऋण फेडायचं कसं? ज्याने दिलं त्याला परत करता येत नसेल, तर आपल्याकडची जुनी रीत सांगते की पुढच्याला द्यावं. पितरांचं ऋण मुलांना वाढवून फिटतं म्हणतात, तसं.

२०२०च्या वसंतात कोरोनामुळे नाट्यगृहांना टाळं लागलं. तेव्हा विंडहॅम्समधल्या प्रयोगाचं चित्रण पैसे घेऊन घरबसल्या दाखवलं गेलं आणि ती रक्कम मदतकार्याला गेली. त्यातला एक भाग रंगभूमीवर हातावर पोट असलेल्यांसाठी होता. २०२१मध्ये वॉलर-ब्रिज एडिनबराच्या फ्रिंज सोसायटीची पहिली अध्यक्ष झाली. आणि २०२३मध्ये, एडिनबराच्या तळघरातल्या त्या प्रयोगांना दहा वर्षं होत असताना, फ्रिंजला येणाऱ्या पन्नास कलावंतांना प्रत्येकी दोन हजार पौंड देण्यात आले. निधीचं नाव 'कीप इट फ्रिंज', पैसा 'फ्लीबॅग'च्या मदतकार्यातून आलेला.

दोन हजार म्हणजे तिने एकेकाळी मागितलेल्या रकमेच्या साधारण निम्मे. उरलेले निम्मे त्या पन्नास जणांना स्वतःच उभे करायचे होते: मावशीकडून, शाळेतल्या मित्राकडून, जुन्या कार्यालयातल्या कोणाकडून. त्यांच्याही नाटकाचा शेवट तेव्हा सुचायचा असेल. पैसे देणाऱ्याने नाटक कशावर आहे हे विचारलं असेल, अर्धवट उत्तर ऐकून घेतलं असेल, आणि किती द्यायचे ते ठरवलं असेल.