महागडी काठी, मध्यम काठी आणि बाबांचा बांबू

मासे धरणे हा काही लोकांचा छंद आहे, आणि काही लोकांचे पोट आहे. मी दुसऱ्या वर्गातला. भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजारी तलावाच्या काठी आमचे घर आहे. आम्ही ढिवर. आजोबांनी जाळे विणले, बाबांनी जाळे टाकले, आणि मी नागपुरास येऊन इतिहास व अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करीत आहे. संध्याकाळी चार तास मासेमारीचे सामान विकणाऱ्या एका दुकानात काम करतो. तेव्हा 'गळाची काठी' या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे समजून वाचकांनी हा लेख गोड मानून घ्यावा.

लेखाचे निमित्त असे. वर्षानुवर्षे फेकजाळे टाकून बाबांचा उजवा खांदा निकामी होत आला. डॉक्टरांनी जाळे टाकू नका म्हणून बजावले. तलाव आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे व बाबा तिचे सभासद आहेत. पण जाळे टाकता येत नसेल तर उरतो तो गळ. गळाने मरळ धरायची आणि बाजारात जिवंत विकायची, एवढाच मार्ग. मरळीला भाव चांगला मिळतो. माझ्याजवळ दुकानातल्या पगारातून साठवलेले आठ हजार रुपये होते. त्यातून बाबांना एक चांगली काठी घ्यावी असे ठरवले, आणि प्रश्न उभा राहिला : कोणती?

आमच्या दुकानात अकराशे रुपयांची काचतंतूची काठी आहे, बेचाळीसशेची कार्बनची आहे, आणि साडेअठरा हजारांचीही कार्बनचीच आहे. शेवटच्या दोन शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्याला भेद दिसणार नाही. मग चौदा हजारांचा फरक कशाचा? मालक थोडी उधारी देण्यास तयार होते. म्हणून मी हा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नासारखा सोडवायला घेतला.

आधी थोडा इतिहास. आज परदेशातून येणाऱ्या काठ्यांचा मूळपुरुष आपल्याच देशातला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर आपल्याकडून गेलेला बांबू वापरीत. त्याला ते 'कलकत्ता केन' म्हणत. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून षटकोनी काठी करण्याची कला त्यांनी वाढवली. पुढे चीनमधील टोन्किन बांबूने कलकत्त्याच्या बांबूची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत मजबूत कार्बनतंतू तयार करण्याची रीत निघाली, आणि १९७० च्या दशकात विमानासाठी शोधलेला हा पदार्थ मासे धरणाऱ्याच्या हाती आला. हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडील इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथच लिहिला होता. म्हणजे विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही!

आता काठीचे काम काय ते पाहू. काठी ही एकाच वेळी तरफ आहे आणि स्प्रिंग आहे. समजा, काठीचे बूड एका हाताने धरले, दुसरा हात त्याच्यापुढे ३० सेंटिमीटरवर आहे आणि शेंडा बुडापासून २१० सेंटिमीटरवर आहे. शेंड्याला मासा काटकोनात १ किलोचा ओढा देत असेल, तर पुढच्या हाताला ७ किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे ही तरफ माशाच्या बाजूची आहे, माणसाच्या नव्हे! परंतु काठी वाकली की शेंडा हाताच्या जवळ येतो, तरफ आखूड होते आणि हातावरचा भार उतरतो. शिवाय माशाने हिसका दिला तर तो वाकण्यात जिरतो व दोरा तुटत नाही. फेकताना याच्या उलट घडते. काठी मागे वाकते, ताण साठवते आणि सरळ होताना आमिष दूर भिरकावते.

यावरून चांगल्या काठीचे लक्षण निघते : वजनाला हलकी, वाकून झटकन सरळ होणारी, पण न तुटणारी. या तीन गुणांत तिसऱ्याचे पहिल्या दोघांशी पटत नाही. सारी किंमत या भांडणातून जन्मते.

काचतंतूपेक्षा साधा कार्बनतंतू सुमारे तिप्पट ताठ असतो आणि वजनाने हलका. म्हणून त्याच ताठपणासाठी कमी माल लागतो. कार्बनच्या काठीवर '२४ टन', '३० टन', '४० टन' असे छापलेले असते. पुष्कळ गिऱ्हाइके विचारतात, "एवढं वजन उचलते का जी?" तसे नाही. हा आकडा तंतूच्या ताठपणाचा आहे, दर चौरस मिलिमीटरला इतके टन असे त्याचे माप. आकडा जितका मोठा तितका तंतू ताठ व महाग. पण बहुधा तितकाच ठिसूळही. महागड्या काठीत असा तंतू अधिक व त्याला सांधणारी राळ कमी असते. त्यामुळे ती फुलासारखी हलकी लागते. मात्र शिशाचा गोळा आपटून बारीकशी चीर पडली, तर आज नाही तर उद्या ऐन मासा लागल्यावर ती कडकन मोडते.

दुसरा खर्च कड्यांचा. ज्या कड्यांतून दोरा जातो त्यांच्या आत चिनीमातीच्या जातीची कडक चकती असते. मध्यम काठीत ती बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, तर महागड्या काठीत सिलिकॉन कार्बाइडची असते व चौकट कधी कधी टायटॅनियमची. विणलेला दोरा रोज घासला तरी अशा कडीला चर पडत नाही, आणि शेंड्याकडचे वजन घटते. तिसरा खर्च मुठीचा : उत्तम बूच महाग, फोमची मूठ स्वस्त. चौथा खर्च नावाचा आणि जाहिरातीचा. तो माशाला दिसत नाही.

दुकानातल्या तराजूवर मी सात-सात फुटी काठ्या मोजल्या. महागडी ११८ ग्रॅम, मध्यम १५१ ग्रॅम, काचतंतूची २३६ ग्रॅम. म्हणजे अकराशेवरून बेचाळीसशेवर गेल्यास ८५ ग्रॅम कमी होतात. तेथून आणखी चौदा हजार मोजल्यास फक्त ३३. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवला होता. त्या दिवशी तो तराजूवर डोळ्यांनी पाहिला.

मग मालकांच्या परवानगीने एका रविवारी तिन्ही काठ्या घेऊन गावी गेलो. एस. टी. च्या गर्दीत साडेअठरा हजारांची काठी दोन तास छातीशी धरून बसलो, हाही एक प्रयोगच झाला. तलावावर बाबांनी प्रत्येक काठीने दहा-दहा वेळा रबरी बेडूक फेकला. मध्यम काठीपेक्षा महागडीने दोन-तीन पावले पुढे गेला, इतकेच. आणि मरळीला लांब फेकण्याची फारशी गरजही नसते. ती काठच्या कमळवेलीत, गवतात दबा धरून बसते. हवेत श्वास घ्यायला तिला वर यावेच लागते, आणि पाण्यावर उठलेल्या त्या एका बुडबुड्यावरून बाबा तिची जागा ओळखतात. अमेरिकेत 'बास' नावाचा मासा असाच झाडोऱ्यात दडून भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्यासाठी घडवलेल्या काठ्या आपल्याकडे मरळीला लागू पडतात त्या यामुळेच. मात्र गवतात गुंतलेली मरळ ओढून काढायला नाजूकपणा नव्हे, कणखरपणा हवा.

बाबांनी तिन्ही काठ्या हातात तोलून पाहिल्या. महागडीची किंमत ऐकून ती हळूच खाली ठेवली. म्हणाले, "कायले एवढे पैसे? मास्याले तिची किंमत समजते का? अन् मोडली त मी रात्रभर झोपन का?"

हे वाक्य मला कोणत्याही तराजूपेक्षा मोलाचे वाटले. ज्याचे पोट काठीवर आहे त्याला ती मोडण्याची भीती परवडत नाही. भीत भीत धरलेली काठी कितीही उत्तम असली तरी कामाची नाही. याउलट जो दिवसभर सातत्याने फेकतो, स्पर्धेत उतरतो, ज्याला दोऱ्यावरचा बारीकसा स्पर्शही कळायला हवा, त्याला महागड्या काठीचे ३३ ग्रॅम खरोखर उपयोगी पडतात. त्याने ती घेणे हा मूर्खपणा नव्हे.

मी बेचाळीसशेची काठी घेतली. काचतंतूची घेतली नाही, कारण दुखऱ्या खांद्याला ते ८५ ग्रॅम जाणवतात. बाबांनी तासाभरातच ती बाजूला ठेवली होती. उरलेल्या पैशांत रीळ, दोरा आणि गळ आले, आणि उधारी करावी लागली नाही.

काठी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून लेख संपवतो. टनाच्या आकड्यावर भाळू नये. काठी हातात धरून, वाकवून पाहावी. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा; तंतू अडकले तर चकतीला चीर आहे असे समजावे. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ही काठी मुळीच उचलू नये. यात जीव जाऊ शकतो. आणि पावसाळ्यात पिलांच्या तांबूस थव्याजवळ मरळ दिसली तर तिच्यावर गळ टाकू नये. ती पिलांची राखण करीत असते. ती गेली की सारा थवा इतर माशांच्या पोटी जातो.

बाबा आता मरळीला नवी काठी वापरतात. काठच्या लहान माशांसाठी मात्र अजूनही जुना मानवेल बांबूच काढतात. मी त्याचेही वजन केले : ३९० ग्रॅम. किंमत विचारली, तर ते म्हणाले, "आपल्याच बेटातला होय."