मागे राहिलेल्यांचा हंगाम

घरातला मुलगा दुबईला गेला, की महिन्याच्या महिन्याला घरी पैसे येतात. आमच्याकडे नांदेडच्या कंधार-मुखेडमधून, लातूरच्या जळकोटमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे गणित नेमके उलटे. इथे 'उचल' आधी मिळते आणि मुकादमाची गाडी येईपर्यंत लग्न, दवाखाना, जुनी देणी यांत ती संपलेलीही असते. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत घाम गाळून ती उचल फेडतो. मग मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पैसे कुठून येणार? त्यांचे दिवस निघतात ते रेशनचे धान्य, श्रावणबाळ योजनेचे पैसे आणि किराणा दुकानातली उधारी यांवर.

त्यात नातवंडे. ती आईबापांसोबत गेली की शाळा बुडते, म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे काढली. वसतिगृह म्हणायचे एवढेच. बऱ्याच गावी मुले जेवतात शाळेत आणि झोपतात आजीजवळ. रात्री ताप भरला तर धावपळ आजीचीच. योजना मला मोलाची वाटते, पण ती शाळेच्या पटावरच्या मुलांपुरती. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही ६ ते १४ वयाचाच. त्याहून लहान लेकरू आईबरोबर फडावर जाते, आणि त्याला सांभाळायला पुष्कळदा शाळेतली थोरली बहीणही.