नरिमान नरिमानोव : लेखक आणि शासनकर्ता

‘नादान’ हा शब्द मराठीप्रमाणेच अझरबैजानी भाषेतही फारसीतून आला. नरिमान नरिमानोव यांनी १८९४ साली लिहिलेल्या नाटकाचे नावच ‘नादानलिक’, म्हणजे अज्ञान, असे आहे. खेड्यात शाळा चालवू पाहणाऱ्या तरुण शिक्षकाला गावकऱ्यांकडून होणारा विरोध हा त्याचा विषय. तो लेखकाच्या अनुभवातला होता. १८७० साली तिफ्लिस येथे एका लहान व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले नरिमानोव गोरी येथील अध्यापक विद्यालयातून १८९० मध्ये बाहेर पडले आणि प्रथम खेड्यातच शिक्षक झाले.

तेथून ते बाकूला आले. शतकाच्या अखेरीस जगातील जवळजवळ निम्मे खनिज तेल एकट्या बाकू परिसरातून निघत होते. परंतु मुसलमान प्रजेला स्वभाषेतील वृत्तपत्र वाचावयास मिळेल असे सार्वजनिक स्थान तेथे नव्हते. १८९४ मध्ये नरिमानोव यांनी ग्रंथालय व वाचनालय उघडले. काही वर्षांतच झारच्या अधिकाऱ्यांनी ते बंद पाडले.

‘बहादूर आणि सोना’ ही त्यांची कादंबरी १८९६ ची. मुसलमान तरुण आणि आर्मेनियन तरुणी यांचे प्रेम धर्मभेदाच्या भिंतीवर आपटून नष्ट होते, एवढेच तिचे कथानक. पण दोन शेजारी समाजांतील दुराव्याकडे इतक्या सरळपणे पाहणे त्या काळी सोपे नव्हते. १८९९ मध्ये त्यांनी ‘नादिरशाह’ ही शोकांतिका लिहिली. १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल करणारा म्हणून आपल्याला जो ठाऊक आहे, तोच हा नादिरशाह. सामान्य कुळातून सिंहासनापर्यंत पोचलेल्या आणि अखेर स्वकीयांच्याच हातून मारल्या गेलेल्या या राजाचे आकर्षण नरिमानोव यांना वाटावे, हे पुढील इतिहास पाहता सूचक वाटते.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ओदेसाला गेले. त्यांच्या शिक्षणाचा भार बाकूचे तेलसम्राट हाजी जैनलआब्दीन तगीयेव यांनी उचलला. १९०८ मध्ये ते डॉक्टर होऊन परतले. १९०९ मध्ये राजकीय कार्याबद्दल अटक झाली आणि पुढे अस्त्राखानला हद्दपारी भोगावी लागली.

एप्रिल १९२० मध्ये बाकूत बोल्शेविक सत्ता आली आणि नरिमानोव क्रांतिकारी समितीचे अध्यक्ष झाले. श्रीमंतांच्या मालमत्ता जप्त करण्याचे फर्मान त्यांच्याच शासनाचे होते. तगीयेव यांचेही सर्वस्व गेले. मात्र मर्दकान येथील उन्हाळी घर त्यांच्याकडे राहू देण्यात आले, आणि १९२४ मधील मृत्यूपर्यंत ते तेथेच राहिले. उपकाराची फेड एवढीच करता आली.

जुलै १९२१ मध्ये डोंगराळ काराबाखचा प्रश्न कॉकेशसच्या पक्षश्रेष्ठींपुढे आला. तो प्रदेश आर्मेनियाला देण्याचा ठराव होताच नरिमानोव यांनी कडाडून विरोध केला. दुसऱ्याच दिवशी ठराव फिरला आणि काराबाख अझरबैजानमध्येच राहिला. ‘बहादूर आणि सोना’च्या लेखकाला आता सीमा राखावयाची होती. लेखक आणि शासक यांत येथे विसंगती आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही.

१९२२ मध्ये ते जिनोव्हा परिषदेस गेले आणि वर्षअखेरीस सोव्हिएत संघाच्या केंद्रीय कार्यकारी समितीच्या चार अध्यक्षांपैकी एक झाले. पद मोठे, पण त्यामुळे बाकूतील कारभार त्यांच्या हातून सुटला. १९२३ मध्ये त्यांनी पक्षश्रेष्ठींना एक दीर्घ निवेदन लिहिले. सीमाप्रांतांतील क्रांतीचा इतिहास सांगण्याच्या निमित्ताने त्यांनी बाकूत स्थानिक अझरबैजानी माणसाला डावलले जात असल्याची आणि तेथील सत्ताधाऱ्यांच्या वर्तनाची स्पष्ट शब्दांत तक्रार केली. नाटक-कादंबरीतून अज्ञानावर चाललेली लेखणी आता स्वपक्षाच्या कारभारावर चालत होती. हे लेखन कित्येक दशके सामान्य वाचकांपर्यंत पोचले नाही.

जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी आपल्या लहानग्या मुलाला, नजफला, पत्र लिहिले. तू हे वाचशील तेव्हा कदाचित बोल्शेविकवादच उरलेला नसेल, अशी शंका त्यात आहे. त्याच वर्षी १९ मार्च रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले आणि शासनाने त्यांना सन्मानाने क्रेमलिनच्या तटापाशी पुरले. नजफ पुढे लाल सेनेत दाखल झाला आणि १९४३ मध्ये युद्धात कामी आला.