पहिला मान एडी मर्क्सचा

सायकलवरून अष्टविनायक करणाऱ्यांचा कस लेण्याद्रीला लागतो. नारायणगाव, जुन्नर मागे टाकून पायथ्यापर्यंत सायकल साथ देते. पुढे गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या आसपास पायऱ्या आपल्याच पायांनी चढायच्या. सपाटीवर सुसाट पळवणाऱ्या मांड्या इथे थोड्याच पायऱ्यांत भरून येतात. सपाटीचं बळ वेगळं, चढाचं वेगळं. आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या वादात बेल्जियमच्या सायकलपटू एडी मर्क्सचं नाव मी घेतो ते यामुळेच.

शर्यतीत चढावर वजन नडतं, सपाटीवर वारा. म्हणून घाटात पुढे निघणारा बहुधा हडकुळा, तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मुसंडी मारणारा दणकट. मर्क्सने दोघांनाही हरवलं. ५७ किलो गटातल्या मल्लाने हिंदकेसरीची गदाही न्यावी तसं. १९६९च्या टूर द फ्रान्समध्ये एकूण विजेतेपद, गुणांची स्पर्धा आणि डोंगरांचा किताब, तिन्ही त्याचे. टूरच्या इतिहासात हे दुसऱ्या कुणालाही साधलेलं नाही. त्याच टूरमध्ये १५ जुलैला आघाडीवीराची पिवळी जर्सी अंगावर आणि मोठी आघाडी हातात असताना त्याने टूरमालेच्या घाटात वेग वाढवला आणि उरलेलं सुमारे १४० किलोमीटर अंतर एकट्याने कापलं. पाठलाग करणारे जवळजवळ आठ मिनिटांनी पोहोचले. त्या दिवशी त्याला हे करायची गरजच नव्हती!

कारकिर्दीत ५२५ विजय. त्यात अकरा महाशर्यती: फ्रान्सच्या पाच टूर, इटलीच्या पाच जिरो, स्पेनची एक व्हुएल्टा. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. २००० साली ख्रिस बोर्डमनने तशाच जुन्या धाटणीच्या सायकलवर तो विक्रम मोडला, तो अवघ्या दहा मीटरने.

आपल्याकडे या वादात फलंदाज ब्रॅडमनची ९९.९४ची सरासरी हुकमाचं पान असते. तिला तोड नाहीच. पण ती एका कौशल्याची उंची आहे. मर्क्सने आपल्या खेळातलं जवळपास प्रत्येक कौशल्यात बाजी मारली.

डागही आहेत. उत्तेजक चाचणीवरून १९६९च्या जिरोतून त्याला काढलं गेलं. तो आरोप त्याने कायम नाकारला. १९७३ आणि १९७७मध्येही चाचण्या विरोधात गेल्या. हे लपवून त्याची बाजू मांडता येणार नाही. मात्र वरच्या अकरा महाशर्यतींत तो जिरो धरलेला नाही.

निव्वळ चिवटपणाच मोजायचा तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांना पुढच्या रांगेत बसवावं लागेल. २०१७मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचं अंतर त्यांनी कापलं.

पण माझं माप दोन्ही बळांचं आहे, आणि ती घडवायला जुन्नर-आंबेगावात चढ आहेत, सपाटीही आहे आणि शाळेला सायकलने जाणारी मुलंही आहेत. जिल्हा परिषदेने त्यांच्यासाठी इथे दरवर्षी एक रस्ता शर्यत भरवावी.